न दुखणारा पाय

"डोळे मिटा, आणि टोचल्यासारखं वाटलं की 'हो' म्हणा," सिस्टर म्हणाल्या.

मी डोळे मिटले. डावा पाय पट्टीत गुंडाळलेला होता, त्यामुळे तपासणी उजव्या पायाची, म्हणजे माझ्या चांगल्या पायाची चालली होती. मी 'हो' म्हणायला तयार बसलो. वरचा पंखा कुरकुरत होता. शेजारच्या खाटेवर कुणीतरी वाटीतली पेज खरवडून खात होतं. बराच वेळ गेला. मला वाटलं, सिस्टरांना दुसऱ्या कुणी बोलावलं असेल.

"सुरू करा ना, सिस्टर."

"झालं की."

"काय झालं?"

"तपासून झालं, दादा. आता डोळे उघडा आणि माझ्याबरोबर बघा."

त्यांच्या हातात एक दांडी होती आणि तिच्या टोकाला गळाच्या दोरीसारखा नायलॉनचा तुकडा. त्यांनी तो माझ्या अंगठ्याखाली टेकवून दाबला. दोरा वाकला. मग टाचेवर, मग मधल्या मांसावर. प्रत्येक ठिकाणी दोरा वाकत होता आणि मला काही म्हणजे काही कळत नव्हतं. आपल्या घरात कुणी परका माणूस सावकाश फिरतोय आणि आपण खिडकीबाहेरून बघतोय, तसं झालं. तो पाय माझाच होता, त्या पायावर मी जन्मभर चाललो होतो. पण त्याचं आणि माझं बोलणं कधीच बंद झालेलं होतं, आणि ते एका दोऱ्याच्या तुकड्यानं बाहेर आणलं.

मी हिंगोलीकडचा. आमच्याकडची जमीन काळी, पावसात पाय गिळणारी. सहावीनंतर शाळा सुटली, कारण पुढची शाळा ओढ्यापलीकडच्या गावात होती आणि घरी जनावरं राखायला माणूस पाहिजे होतं. पुढं एका ठेकेदाराच्या टोळीबरोबर जयगडला बांधकामावर आलो. काम संपलं, टोळी पांगली, मी मागं राहिलो. रत्नागिरीजवळ एका आंब्याच्या बागेत कायमचा गडी पाहिजे होता. मालक आणि वहिनी दोघंही सरळ माणसं. मला राहायला खोली दिली, सणाला ताटात घरच्यासारखं वाढलं. घर एवढं लांब की दिवाळीशिवाय जाणं व्हायचं नाही. बायको आणि पोरगी तिकडं, मी इकडं.

रक्तात साखर आहे हे मला जयगडलाच कळलं होतं, कामावर घेताना तपासणी झाली तेव्हा. गोळ्या दिल्या होत्या. त्या वेळी पायांना सारख्या मुंग्या यायच्या. काही वर्षांनी मुंग्या थांबल्या. मला वाटलं, गेला आजार, आणि मी गोळ्या बंद केल्या. मुंग्या थांबल्या म्हणजे पायातलं शेवटचं माणूससुद्धा घर सोडून गेलं, हे मला कुणी सांगितलं नाही. मीही कुणाला विचारलं नाही.

मालकांच्या घरी आंब्याची एक खोली होती. जमिनीवर भाताचा पेंढा पसरायचा, त्यावर आंबे मांडायचे, वर पुन्हा पेंढा. पिकायला ठेवलेल्या आंब्यांच्या ह्या मांडणीला अढी म्हणतात. त्या खोलीत चपला घालून जायचं नाही, असा त्या घराचा नियम. टेम्पो बाहेर उघड्या कातळावर उभा राहायचा. तिथून क्रेट उचलायचा, अंगण ओलांडायचं, खोलीत ठेवायचा, परत जायचं. दर खेपेला चप्पल काढा-घाला कोण करणार? मी टेम्पोजवळच चपला सोडायचो आणि दुपारभर अनवाणी ये-जा करायचो. एप्रिलचा कातळ म्हणजे चुलीवरचा तवा. बाकीचे गडी चपलेशिवाय पाऊल टाकायचे नाहीत, आणि टाकलंच तर नाचत पळायचे. मी आपला क्रेट खांद्यावर घेऊन देवळात प्रदक्षिणा घालावी तसा चालायचो.

बागेतला म्हातारा गडी म्हणायचा, "मेल्या, तुजे पाय हायत का जांभ्याचे चिरे?"

मला ती थट्टा आवडायची. परक्या मुलखात माणसाला कशाचं तरी नाव पाहिजे असतं. माझं नाव पायांवरून झालं होतं.

एकदा वहिनी खोलीत आल्या आणि म्हणाल्या, "कुठं तरी आंबा फुटलाय वाटतं." फरशीवर ओले डाग पडले होते. त्या वाकून डागांमागून चालत आल्या आणि माझ्यापाशी येऊन थांबल्या.

"पाय वर कर बघू."

"काही नाही वहिनी. बरंय."

"वर कर म्हणते ना!"

मी पाय वर केला. वहिनींनी तोंडाला पदर लावला आणि मालकांना हाक मारली.

ज्या दवाखान्यात मला नेलं त्याचं नाव इथं लिहीत नाही. डॉक्टरांनी त्याच दिवशी डाव्या पायाची करंगळी काढली. ती काळी पडली होती. तळव्याला बोटांखाली भाजल्याची मोठी जखम होती आणि तिच्यात पू झाला होता. डॉक्टर भले माणूस, आडपडदा न ठेवता बोलणारे. म्हणाले, "उरलेल्या पायाचं आज सांगत नाही. जखम भरत आली तर पाय राहील. वर चढत गेली तर घोट्याच्या वरपर्यंत काढावा लागेल." मग सिस्टरांकडं वळून म्हणाले, "हे आता तुमचे पेशंट."

डॉक्टर आपल्याला सिस्टरच्या हवाली करून निघाले म्हणजे आपली केस गेली, असंच मला वाटलं. आमच्याकडं डॉक्टर म्हणजे दवाखाना आणि सिस्टर म्हणजे सुई. पण इथं पायांच्या जखमांचा सगळा विभाग सिस्टर बघायच्या. कुठली पट्टी बांधायची, कधी उघडायची, पेशंटला कधी उठवायचं, घरी गेल्यावर फोन कधी करायचा, हे त्या ठरवायच्या. डॉक्टरांना कधी बोलवायचं तेही त्याच ठरवायच्या, आणि बोलावलं की डॉक्टर यायचे. ही पद्धत नवीन होती. तिचा पेशंटला किती उपयोग होतो आणि सिस्टर लोकांना ती किती झेपते, ह्याचा अभ्यास करायला नर्सिंग कॉलेजच्या एक मॅडम येऊन बसायच्या.

सिस्टर पट्टी उघडायच्या तेव्हा मी त्यांच्या तोंडाकडं बघत राहायचो. आधी वास घ्यायच्या. मग काही न बोलता नुसतं बघायच्या. मग जखमेच्या बाजूबाजूनं अंगठ्यानं दाबत जायच्या, जसं एखादा माणूस भिंतीला कान लावून पोकळ जागा शोधतो. शेवटी हाताची पालथी बाजू आधी एका पायाला लावायच्या, मग दुसऱ्या पायाला. तवा तापला का बघतात तसा. "आज हा जरा गरम आहे," म्हणायच्या. मला दोन्ही पाय सारखेच. माझ्या पायातली माहिती माझ्यापर्यंत येत नव्हती आणि त्यांच्या हातापर्यंत जात होती. ह्याचं मला अजून नवल वाटतं.

दवाखान्यात भरती होताना प्रत्येकजण एकच विचारतो, "सोबत कोण?" दारावरचा माणूस विचारतो, खिडकीवरची बाई विचारते, वॉर्डातली मावशी विचारते. माझ्याबरोबर कोणी नव्हतं. वहिनी येऊन डबा देऊन जायच्या, पण आंब्याचे दिवस, त्यांना बसणं शक्य नव्हतं. सोबत माणूस नसलं म्हणजे काय होतं ते मला वॉर्डात कळलं. पाणी देणं, भांडं देणं, औषध आणणं, सलाईन संपत आली की सांगायला धावणं, हे सगळं घरची माणसं करतात. ती धरूनच वॉर्ड चालतो. माझ्या शेजारी हर्ण्याचा एक खलाशी होता. त्यालाही साखर होती, माशाचा काटा पायात जाऊन बिनसलं होतं, आणि लेक रत्नागिरीत दिलेली म्हणून त्याला इथं आणलं होतं. त्याची बायको दिवसभर उशाशी बसून. आम्ही सगळे तिला काकू म्हणायचो. तिनं मला चहा दिला, पेज दिली. पण लघवीचं भांडं तिला कसं मागणार?

सिस्टरांनी सांगितलं होतं, "डावा पाय जमिनीला लावायचा नाही. अजिबात नाही. बाथरूमला जायचं असेल तर हाक मारा, खुर्ची आणू."

मी "हो, हो" म्हणालो. पण संध्याकाळी अख्ख्या वॉर्डाला एकच सिस्टर असायची. ती इकडून तिकडं पळताना मी बघायचो. एका हातात सुयांचा ट्रे, दुसऱ्या हातात कुणाचा तरी कागद, आणि मागून तिसरा माणूस हाक मारतोय. त्या बाईला मी, सहावी शिकलेला बागेतला गडी, म्हणू की मला मुतायला ने? माझ्यानं होईना. ती पाठमोरी झाली की मी उठायचो आणि भिंत धरून, टाचेवरच चालतोय असं समजून, जाऊन यायचो. दुखत नव्हतं. दुखत नाही म्हणजे काही बिघडत नाही, हा माझा हिशेब. जन्मभर तोच हिशेब करत आलो होतो.

जखम भरेना. सिस्टरांनी मलम बदललं, पट्टी बदलली, माझी साखर पुन्हा पुन्हा तपासली, डॉक्टरांना बोलावून दाखवलं. डॉक्टरांनी भुवया वर केल्या आणि म्हणाले, "आणखी थोडं थांबू. पण फार नाही." मला त्या 'फार नाही'चा अर्थ कळला. एका पायाचा माणूस कातळावर क्रेट वाहत नाही. मी बायकोला करंगळीचंसुद्धा कळवलं नव्हतं. फोनवर म्हणायचो, आंब्याची घाई आहे.

त्यात त्या मॅडम. दाराजवळच्या स्टुलावर घड्याळ लावून बसायच्या आणि सिस्टर काय काय करतात ते टिपायच्या. खलाशीकाका मला हळूच म्हणाला, "सिस्टरांच्या पाठी सीआयडी लागलीय, बग."

मला ते खरं वाटलं. आपल्या सिस्टरांची नोकरी जाईल अशी धास्ती बसली. मग मॅडम जवळून गेल्या की मी मोठ्यानं बोलायला सुरुवात केली. "काय सिस्टर आहेत! देवमाणूस! वेळेवर सगळं!"

सिस्टर एकदा हसून म्हणाल्या, "दादा, मी निवडणुकीला उभी नाहीये. प्रचार बंद करा."

पण मॅडम काय बघत होत्या ते मला हळूहळू दिसायला लागलं. एका दुपारी सिस्टर पट्ट्यांचा ट्रे घेऊन घाईनं शेवटच्या खाटेकडं चालल्या होत्या. आमच्या खाटांपाशी आल्या, पुढं गेल्या, आणि मागं आल्या.

"काका, आज गप्प का?"

खलाशीकाका तोंड उघडून बसला होता. काकू म्हणाली, "झोप आलीय त्यांना."

"ह्यांना? ह्या वेळी?" सिस्टरांनी ट्रे माझ्या खाटेवर ठेवला, काकाच्या कपाळाला हात लावला. घाम आला होता. बोटाला टोचून साखर बघितली आणि काकूला म्हणाल्या, "साखर उतरलीय. पाण्यात साखर घालून आणा, पळा." काका ते पाणी प्यायला. थोड्या वेळानं त्याचे डोळे ताळ्यावर आले आणि तो पहिलं वाक्य बोलला, "माजी पेज कुणी खाल्लान?"

सगळा वॉर्ड हसला. सिस्टर ट्रे उचलून पुढं गेल्याही. मी मॅडमकडं बघितलं. त्यांचं पेन कागदावर टेकलेलं होतं पण चालत नव्हतं. नंतर कधीतरी मी त्यांना त्याबद्दल विचारलं. त्या म्हणाल्या, "सिस्टरांनी पट्टी बांधली तर मला मांडता येतं. पण चालता चालता एका माणसाचं गप्प असणं ऐकलं, हे कुठल्या रकान्यात मांडू? त्याचाच विचार करत होते."

मी आजवर बघितलेल्या शिकलेल्या माणसांपैकी 'मला हे जमत नाहीये' असं माझ्यासारख्याला सांगणाऱ्या त्या पहिल्याच.

एक दिवस त्यांनी मला ड्रेसिंगच्या खोलीत बसवलं. दुसरं कुणी नव्हतं. त्या म्हणाल्या, "तुमचं नाव कुठंही येणार नाही. उत्तर द्यायचं नसेल तर नको म्हणा. चालेल?"

"चालेल."

"तुमचं ड्रेसिंग राहून गेलं असा एखादा दिवस?"

"नाही."

"औषध उशिरा मिळालं?"

"नाही, मॅडम."

"काही सांगायचं राहिलं, समजावायचं राहिलं?"

"काही नाही. सगळं एक नंबर."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "दादा, एसटीच्या अपघाताचे पेशंट आले त्या दिवशी मी इथंच होते. तुमची पट्टी त्या दिवशी उघडलीच नाही. मी बघितलंय."

"सिस्टरांना बोल लावू नका, मॅडम. त्या एकट्या होत्या. त्या तरी काय करतील?"

"एकट्या होत्या, हेच तर मला लिहायचंय." त्या पुढं झुकल्या. "तुम्ही म्हणता सगळं वेळेवर झालं. पलीकडच्या खाटेवरचे तेच म्हणतात. सगळे असंच म्हणाले तर कागदावर काय दिसेल? की एवढ्या पेशंटना एक सिस्टर पुरते. मग दुसरी कोण देणार? तुम्हाला वाटतं तुम्ही त्यांना वाचवताय. तुम्ही त्यांना एकटं ठेवताय."

बाहेर कुणाचं तरी मूल रडत होतं. माझ्या सगळ्या उपकाराची, सगळ्या चांगुलपणाची घडी त्यांनी हातात घेतली आणि उलटी करून दाखवली. आत असं काही असेल हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

"आणखी एकच विचारते," त्या म्हणाल्या. "हाक मारली आणि कुणी आलं नाही, हे मी सगळ्यांना विचारते. पण तुमच्याबरोबर कोणी नाही म्हणून तुम्हाला वेगळं विचारते. हाक मारावीशी वाटली आणि मारलीच नाही, असं होतं का?"

असं मला कुणी कधी विचारलं नव्हतं. ना घरी, ना टोळीत. मी बोलायला लागलो आणि थांबता येईना. बाथरूमचं सांगितलं. भिंत धरून जाण्याचं सांगितलं. पाणी संपलं तरी घसा कोरडा ठेवून पडून राहायचो, तेही सांगितलं.

मॅडमनी काही लिहिलं नाही. म्हणाल्या, "ह्यातलं चालण्याचं सिस्टरना कळायलाच पाहिजे. आजच. अभ्यास बाजूला राहू दे, मीही नर्स आहे. तुम्ही सांगता की मी सांगू?"

"मी सांगतो."

सिस्टर ऐकता ऐकता स्टुलावर बसल्या. त्या वॉर्डात त्यांना बसलेलं मी पहिल्यांदाच बघत होतो.

"मी रोज घरी जाऊन विचार करतेय, माझं काय चुकतंय! भात खाताना नवरा विचारतो, कुठं लक्ष आहे? आणि तुम्ही रोज त्या जखमेवर उभे राहताय?"

"दुखत नव्हतं, सिस्टर."

"दुखत नाही म्हणूनच लावायचा नव्हता ना पाय! दुखलं असतं तर तुमच्या पायानंच तुम्हाला बसवलं असतं. मला सांगायची गरज पडली नसती." त्यांचा आवाज चढला होता. मग खाली आला. "घरी कोण आहे? फोन लावा. आत्ता."

मी बायकोला व्हिडिओ कॉल लावला. सिस्टरांनी फोन हातात घेतला, तिला माझा चेहरा दाखवला, मग पाय दाखवला. पलीकडून आमच्या गावाकडचा आवाज वॉर्डभर झाला.

"बोट गेलं अन् मला सांगितलं नाही? कामून? मी कोण हाय तुमची?"

"आंब्याची घाई..."

"आंबे घाला चुलीत! अवं सिस्टर, ह्यांना काही इचारूच नका. साप चावला तरी म्हणतील, काही नाही, बरंय. तुम्हीच बघा काय बघायचं ते."

"बघते, ताई," सिस्टर म्हणाल्या. त्या हसत होत्या, पण फोन परत देताना डोळे पुसले. मीही पुसले. दोघांनीही तिकडं लक्ष दिलं नाही.

त्या दिवसापासून मला हाक मारायची शिक्षा झाली. पाणी पाहिजे, हाक. खुर्ची पाहिजे, हाक. पहिल्यांदा मी "सिस्टर" म्हणालो ते मलाच ऐकू आलं नाही.

काकू म्हणाली, "अशी हाक मांजर पण मारत नाय."

खलाशीकाका म्हणाला, "होडीवरना मारतो तशी मार रे. वाईच पोटातना काढ."

मी पोटातून काढली. सगळा वॉर्ड वळून बघायला लागला आणि मावशी चाकाची खुर्ची घेऊन आली. "चला महाराज, स्वारी निघू द्या." पुढं पुढं मला सवय झाली. कधी लगेच कुणी यायचं. कधी यायचं नाही, कारण येणारं माणूसच नसायचं. तेव्हा मी मॅडमकडं बघायचो. त्या घड्याळाकडं बघून कागदावर एक खूण करायच्या. मला कळलं, ती खूण माझ्या हाकेची आहे. कुणी ऐकली नाही तरी ती वाया गेलेली नाही. पुढं कधीतरी, मी नसताना, कुठल्या तरी टेबलावर ती हाक ऐकली जाईल आणि ह्या वॉर्डात आणखी एक सिस्टर उभी राहील, निदान त्यासाठी ती मांडली जातेय. आपण मारलेल्या हाकेला एवढं मोल असतं, हे मला ह्या वयात आणि घरापासून एवढ्या लांब येऊन कळलं. झोपेतसुद्धा मला त्याचं नवल वाटायचं.

पू गेल्यावर सिस्टरांनी पायाला प्लास्टर घातलं. हाड मोडल्यावर घालतात तसं, पण पायाच्या आकाराला घट्ट बसणारं, म्हणजे सगळा भार जखमेवर न येता पसरेल. ते त्या ठराविक दिवसांनी कापायच्या, आत बघायच्या, नवीन घालायच्या. प्रत्येक वेळी कापताना मी छताकडं बघायचो. "इकडं बघा," त्या म्हणायच्या. "तुमचा पाय आहे. तुम्हालाच बघायचाय." मग मी बघायला शिकलो. कडेची पांढरी कातडी म्हणजे ओल. गुलाबी दाणेदार मांस म्हणजे चांगलं. त्या बोट दाखवत जायच्या आणि मी वाचत जायचो. सहावीनंतर मी काही नवीन वाचायला शिकलो असेन तर ते हे.

शेवटी डॉक्टरांनी पायाचं ठरवायचा दिवस उजाडला. पायाच्या हाडांचा एक्स-रे फोटो काढलेला होता. सिस्टरांनी प्लास्टर कापलं, पाय धुतला, बोटांच्या बेचक्या टिपून कोरड्या केल्या. वहिनीही आल्या होत्या आणि दाराशी हात जोडून उभ्या होत्या. डॉक्टरांनी अजून पायाला हात लावला नव्हता.

"सिस्टर, तुमचं मत?"

"राहील," सिस्टर म्हणाल्या.

डॉक्टरांनी फोटो उजेडासमोर धरला. मग वाकून अंगठ्यानं सगळीकडं दाबून बघितलं. त्या एका शब्दावर माझी बाग होती, खोली होती, दिवाळीला गावी चालत जायची वाट होती.

"हो," डॉक्टर म्हणाले. "राहील."

वहिनी म्हणाल्या, "क्रेट उचलायचे नाहीत हं आता. बसून आंबे निवडायचे. आणि त्या खोलीत बूट घालून यायचं. आमच्या देवाला चालेल, मी बोलून ठेवलंय त्याच्याशी."

मला हसू आलं आणि ते हसण्यातच राहिलं नाही. काकूनं पाठीवर हात ठेवला. खलाशीकाका भिंतीकडं तोंड करून बसला.

सिस्टर मात्र अजून माझ्यासमोरच होत्या. म्हणाल्या, "दादा, एक विचारू? कॉलेजच्या मुली आल्यात. त्यांना तुमचा पाय दाखवला तर चालेल? नको असेल तर स्पष्ट नको म्हणा."

"चालेल, सिस्टर. दाखवा."

मुली आत आल्या. नव्याकोऱ्या गणवेशातल्या, केस घट्ट बांधलेल्या, काहीजणी घाबरलेल्या. सिस्टरांनी एकेकीला पुढं बोलावलं. वास घे. बघ. दाब. हाताची पालथी बाजू लाव, आता दुसऱ्या पायाला लाव. एकेक हात माझ्या तळव्यावर येत होता आणि जात होता. मला त्यातला एकही कळत नव्हता, आणि पुढंही कधी कळणार नाही. पण मला त्यांचे चेहरे दिसत होते. हाताला फरक जाणवला की डोळ्यात काहीतरी हलायचं. त्यांच्या मागं मॅडम उभ्या होत्या, आज घड्याळ न लावता.

शेवटची मुलगी आमच्याच भागातली होती. तिच्या बोलण्यावरून मला लगेच कळलं. तिनं तळव्याला बोटं लावली आणि माझ्याकडं बघून हळूच विचारलं, "दुखतंय का हो, काका?"

"मला इचारू नको, बाई," मी म्हणालो. "पायाकडं बघ."

ती खाली वाकली. ती बराच वेळ बघत राहिली, आणि तिच्याबरोबर मीही बघत राहिलो.